तीन फिरत्या भागांचे इंजिन : एक तपासणी

वांकेल इंजिनाची ओळख करून देणाऱ्या लेखांत एक विधान हटकून आढळते. दोन रोटरांच्या या इंजिनात फिरणारे मुख्य भाग तीनच, दोन रोटर आणि एक दंड. म्हणून ते नेहमीच्या इंजिनापेक्षा सोपे. सोबत आकृती असते : मध्ये किंचित चिमटलेली लंबगोल पोकळी, तिच्यात फुगीर बाजूंचा त्रिकोण, आणि त्याच्याभोवती शोषण, संपीडन, ज्वलन व निष्कासन या चार क्रिया. आकृती बरोबर आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र आम्हाला पटत नाही. तो तपासायचा तर हे इंजिन दुरुस्त कसे करतात ते पाहावे. माझदा कंपनीच्या आरएक्स-७ (१९७८ ते २००२) आणि आरएक्स-८ (२००३ ते २०१२) या स्पोर्ट्‌स गाड्या त्यासाठी चांगले उदाहरण आहेत.

विधानातला खरा भाग आधी मान्य करू. वरखाली होणारा दट्ट्या नाही, त्यामुळे हादरे कमी. झडपा नाहीत, झडपा हलवणारा कॅमशाफ्ट नाही. वायूंच्या वाटा रोटर स्वतःच फिरता फिरता उघडतो आणि झाकतो. म्हणजे देखभालीतली काही कामे खरोखरच वाचतात.

पण वायू अडवायचा कसा? दट्ट्याभोवती गोल कडी बसते आणि ती सिलिंडरला सगळीकडून सारखी टेकते. त्रिकोणी रोटरला ही सोय नाही. त्याच्या तीन टोकांवर तीन पट्ट्या, दोन्ही बाजूंना मिळून सहा बारीक वक्र पट्ट्या, आणि त्या जिथे भेटतात त्या कोपऱ्यांत सहा गुंड्या, अशी पंधरा सीले एका रोटरला लागतात. दोन रोटरांची तीस झाली. त्यांच्यामागच्या स्प्रिंगा आणि तेल अडवणाऱ्या कड्या वेगळ्याच. आकृतीत यांतले काहीच नसते.

टोकाच्या पट्टीचे काम सर्वांत अवघड. आरएक्स-७ च्या १३बी इंजिनात रोटरच्या केंद्रापासून टोकाचे अंतर १०५ मिलिमीटर आणि दंडाची विकेंद्रता १५ मिलिमीटर आहे. पट्टी भिंतीच्या लंबापासून जास्तीत जास्त किती कलते, हे विकेंद्रतेच्या तिपटीला त्या अंतराने भागून मिळते : ४५ भागिले १०५, म्हणजे ०.४३. हे ज्या कोनाचे साइन आहे तो कोन सुमारे २५ अंश. पट्टी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलत, केवळ एका रेषेवर टेकून घासत जाते.

या एका गोष्टीतून देखभालीचे बरेच नियम निघतात. पट्टीला वंगण मिळावे म्हणून एक छोटा पंप इंजिनातले तेल मुद्दाम थोडेथोडे ज्वलनकक्षात सोडतो. साध्या गाडीने तेल खाल्ले तर ते दुखण्याचे लक्षण. इथे ती रचनाच आहे. तेलाची पट्टी काढून पातळी वारंवार पाहिली नाही, तर नुकसान अटळ. थंड इंजिन चालू करून गाडी चार हात पुढे घेतली आणि लगेच बंद केली, तर जास्तीचे पेट्रोल भिंतीवरचे तेल धुऊन टाकते, सील नीट बसत नाही, दाब पडतो आणि इंजिन पुन्हा सुरू होत नाही. मग इंधन तोडून, प्लग काढून, इंजिन नुसतेच फिरवून कक्ष कोरडा करावा लागतो.

सर्वांत बोधप्रद आहे ती दाबाची चाचणी. नेहमीच्या मापकात एक झडप असते. ती आलेला सर्वाधिक दाब धरून ठेवते. वांकेलमध्ये प्लगच्या एकाच छिद्रासमोरून रोटरच्या तीन बाजू पाळीपाळीने जातात. त्यांतली एक गळत असली तरी मापक सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा दाखवते. वर्गातल्या पहिल्या मुलाचे गुण पाहून वर्गाची पारख करण्यासारखेच हे झाले! म्हणून तिन्ही दाब वेगळे नोंदवणारे यंत्र लावतात, किंवा मापकातली झडप काढून काट्याच्या उड्या पाहतात. तीन सारख्या उड्या म्हणजे रोटर ठीक. लागोपाठच्या दोन उड्या कमजोर असतील तर संशय टोकाच्या पट्टीवर, कारण ती दोन शेजारच्या कक्षांमध्ये सामाईक असते. एकच कमजोर असेल तर बहुधा बाजूचे सील. इंजिन न उघडता केलेले हे अनुमान कुठल्याही प्रयोगशाळेला शोभेल.

उघडायची वेळ आली की मात्र साधेपणा संपतो. दट्ट्याच्या इंजिनाचे वरचे झाकण काढून आत पाहता येते. इथे लोखंड आणि अॅल्युमिनियमचे थर एकावर एक रचून लांब बोल्टांनी आवळलेले असतात. थरांमधली पाणी अडवणारी एक रबरी कडी गेली, तरी सगळी चळत सोडवावी लागते.

इतिहासही हेच सांगतो. १९६७ साली जर्मनीच्या एनएसयू कंपनीने आरओ ८० ही गाडी आणली. टोकाची सीले झिजून अनेक इंजिने हमीच्या काळातच बदलावी लागली. त्याच वर्षी आलेल्या माझदाच्या कॉस्मो स्पोर्टमागे केनिची यामामोतो यांच्या चमूचे याच पट्टीवरचे काम होते. तिच्या थरथरीने भिंतीवर उठणाऱ्या ओरखड्यांना ते सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. २०२३ च्या माझदा एमएक्स-३० मध्ये हे इंजिन वीज निर्माण करण्यापुरते परतले, तेव्हाही एक सुधारणा पट्टीचीच होती : जाडी २ वरून २.५ मिलिमीटर.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच : वांकेलने गुंतागुंत नाहीशी केली नाही, तिची जागा बदलली. झडपांतली गुंतागुंत सीलांमध्ये गेली. ही आकृती वर्गात काढताना शिक्षकांनी फिरते भाग मोजून थांबू नये. ‘वायू कुठून निसटेल?’ असे विचारून मुलांना त्या सगळ्या जागांवर खुणा करायला सांगाव्यात. पंधरा खुणा झाल्या की यंत्र सोपे आहे की नाही, हे मुलेच ठरवतील.