पाठीचे दुखणे आणि प्रश्नावलीची भाषा

मणक्यांवर हाताने दाब अथवा झटका देऊन उपचार करण्याची कायरोप्रॅक्टिक ही पद्धती १८९५ साली अमेरिकेतील डॅव्हेनपोर्ट येथे डी. डी. पामर ह्यांनी सुरू केली. मणका जागचा किंचित सरकतो, त्यामुळे मज्जातंतूंच्या कार्यात अडथळा येतो आणि रोग उद्भवतो, ही त्यांची मूळ कल्पना संशोधनाच्या कसोटीस उतरलेली नाही. कंबरदुखीपुरता मात्र ह्या हस्तोपचाराचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. २०१९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या समीक्षेत जुनाट कंबरदुखीवरील ४७ चाचण्या व ९,२११ रुग्ण विचारात घेतले होते, व्यायामादी मान्य उपचारांइतकाच ह्या उपचाराचा परिणाम होतो, असा तिचा सारांशाने निष्कर्ष आहे. आता प्रश्न असा, की विट्यासारख्या गावी ज्याची पाठ धरली आहे, त्याच्या दृष्टीने ह्या निष्कर्षाला अर्थ कोणता?

ह्या प्रश्नाची वैद्यकीय बाजू तज्ज्ञांवर सोपवून प्रस्तुत लेखात केवळ भाषिक बाजूचा विचार केला आहे. ती बाजू गौण नाही. पाठदुखी मोजणारा तापमापक अस्तित्वात नाही. रुग्ण जे सांगतो, तेच मापन. आणि तो सांगतो ते शब्दांत.

संशोधनात हे सांगणे प्रश्नावलीतून घेतले जाते. १९८० साली इंग्लंडमध्ये सिद्ध झालेली ऑस्वेस्ट्री प्रश्नावली सर्वाधिक वापरांतील एक होय. तिचे दहा विभाग आहेत. प्रत्येकाला ० ते ५ गुण. एकूण गुणांचे शेकडा प्रमाण काढून रुग्णाची अक्षमता ठरते. तिची मराठी आवृत्ती तपासून पाहणारा अभ्यासही २०१३ साली ‘स्पाइन’ ह्या नियतकालिकात आला. त्या कामाचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु काही अडचणी अशा आहेत, की त्या अनुवाद कितीही अचूक झाला तरी उरतात. कारण त्या वाक्यांत नसून वाक्यांमागील राहणीत आहेत.

‘बसणे’ हा विभाग पाहावा. मूळ प्रश्नावली बसण्याचे माप खुर्चीने घेते: कोणत्याही खुर्चीत हवा तितका वेळ बसता येते की आवडत्या खुर्चीतच, अशी तिची पायरी आहे. विटा आणि खानापूर, आटपाडीचा परिसर सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर ज्ञात आहे. भट्टीपुढे उकिडवे बसून काम करणाऱ्या कारागिराला खुर्ची हा कामाचा भाग नव्हे. मांडी घालता येत नाही, उकिडवे बसता येत नाही, म्हणून त्याचे काम थांबले आहे. तरीही ‘खुर्चीत हवा तितका वेळ बसतो’ हे उत्तर तो प्रामाणिकपणे देईल आणि त्याला शून्य गुण मिळतील. १९८३ सालच्या रोलंड-मॉरिस प्रश्नावलीतील चोवीस विधानांपैकी एक पायमोजे घालताना होणाऱ्या त्रासाविषयी आहे. जी स्त्री पायमोजे वापरीतच नाही, तिने त्याचे उत्तर काय द्यावे?

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे कोणी विचारील. हिशेब करून पाहावा. ऑस्वेस्ट्री मापनात दहा टक्क्यांचा फरक पडला म्हणजे रुग्णाला खरा उतार पडला, असे सामान्यतः मानतात. एका विभागाचे पाच गुण म्हणजे पन्नासांपैकी दहा टक्केच होत. म्हणजे एकच विभाग पूर्णपणे चुकीचा वाचला गेला, तर जेवढ्या फरकाला आपण ‘गुण आला’ म्हणतो तेवढी चूक होऊ शकते.

ह्यावर एक सबळ आक्षेप संभवतो. चाचणीत दोन गटांची तुलना असते. प्रश्नावली सदोष असली तरी दोष दोन्ही गटांना समान लागतो, म्हणून तुलनेला बाध येत नाही. हा आक्षेप बव्हंशी मान्य करावयास हवा. मात्र दैनंदिन व्यवहारात वैद्यापुढे गट नसतो, एकच माणूस असतो. तेथे चुकीला तोलून धरणारा दुसरा गट नाही. संशोधन आणि व्यवहार ह्यांतील अंतर नेमके येथे पडते.

आता रुग्णाची स्वतःची भाषा पाहू. मराठीत पाठीत उसण भरते, लचक भरते, चमक निघते, कळ येते, रग लागते, पाठ धरते. येथे नामाबरोबर क्रियापदही बदलते आणि त्या दोहोंतून दुखण्याचा प्रकार, वेग व काळ सूचित होतो. उसण अकस्मात भरते. रग दिवसभर यंत्रमागाजवळ उभे राहून लागते. ‘वेदना किती?’ ह्या एका प्रश्नात हे सारे भेद लोपतात, कारण तो केवळ प्रमाण विचारतो.

परंतु लोकभाषा सर्वस्वी विश्वसनीय आहे, असेही नव्हे. हाडवैद्य मणका ‘बसवतो’ असे आपण म्हणतो, आणि जे बसविले ते आधी सरकले असणारच, असे ते क्रियापद आपल्याकडून वदवून घेते. पामर ह्यांचा सिद्धांत ज्या रूपकावर उभा होता, तेच हे रूपक. उपचाराच्या वेळी होणारा ‘कट्’ असा आवाज हाड जागी बसल्याचा पुरावा मानला जातो. वस्तुतः बोटे मोडताना होतो तसा तो सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण होण्याशी निगडित आहे. ‘मणक्यात गॅप आहे’ हे अलीकडचे वाक्य तर अधिक उद्बोधक आहे. क्ष-किरण चित्रात दोन मणक्यांमधील जागा कमी झालेली असते. रुग्ण मात्र तेथे फट पडली आहे असे समजतो, आणि ती फट रुंदावेल ह्या भीतीने वाकणे, चालणे, काम करणे सोडून देतो. साध्या कंबरदुखीत हालचाल चालू ठेवावी, हा आजचा सर्वमान्य सल्ला. एका शब्दाने तो निष्फळ होतो.

उसण भरली असता पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची रूढीही येथे आठवते. अशी उसण बहुधा काही दिवसांत आपोआप ओसरते, म्हणून पायाळूचे यश टिकून राहते. तुलनात्मक चाचणीची आवश्यकता ह्याहून सुबोध रीतीने समजावून देता येणार नाही. आणि ती कसोटी पदवीधर उपचारकालाही तितकीच लागू आहे.

तात्पर्य, हस्तोपचारावरील संशोधन आपल्या उपयोगी पडावयाचे असेल, तर दोन कामे करावी लागतील. बसणे, उठणे, ओझे वाहणे ह्यांची स्थानिक रूपे रुग्णांच्या तोंडून संकलित करून प्रश्नावली त्यांवर उभारली पाहिजे. आणि उपचारकाने रुग्णाला कोणते शब्द द्यावयाचे, ह्याचाही विचार झाला पाहिजे. पहिले काम वैद्यकाला एकट्याने साधणारे नाही. बोलींचे सर्वेक्षण करणाऱ्या आपल्या विभागांनी ते आपले मानावे. शरीराच्या दुखण्याची शब्दसूची ही बोलीच्या अभ्यासातील परिशिष्टाची बाब नव्हे. तिच्यातील एका क्रियापदावर कोणाचे काम सुरू राहणे वा बंद पडणे अवलंबून असते.