आंतरविद्यापीठ स्पर्धांतील विभागीय बळाची तुलना : गुणतालिकेची एक चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात ‘कोणता विभाग अधिक बलवान?’ हा प्रश्न दरवर्षी उपस्थित होतो आणि त्याचे उत्तर बहुधा पदकांच्या वा गुणांच्या बेरजेतून दिले जाते. ही बेरीज नेमके काय मोजते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात या पद्धतीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. कर्जत व खालापूर तालुक्यांतील ठाकुरवाडीसारख्या वस्त्यांमधून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी या तुलनेत कोठे असतो, हा त्यामागील मूळ प्रश्न आहे.

विभागरचना आणि तिचे गृहीतक

असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज या संस्थेने क्रीडास्पर्धांसाठी विद्यापीठांची उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम अशा चार विभागांत वाटणी केली आहे. महाराष्ट्र, गोवा व गुजरात पश्चिम विभागात येतात. कबड्डी, खो-खो यांसारख्या सांघिक खेळांत प्रथम विभागीय स्पर्धा होतात आणि प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेस पात्र ठरतात. ही रचना प्रशासनाच्या दृष्टीने सोयीची आहे. परंतु चारही विभाग समान बळाचे आहेत, असे तीत गृहीत धरलेले आहे. एका विभागातील पाचवा संघ दुसऱ्या विभागातील दुसऱ्या संघापेक्षा सरस असू शकतो. तरीही त्याला संधी मिळत नाही.

विभागांतर्गत विजयांवरून दोन विभागांची तुलना करता येत नाही, कारण प्रतिस्पर्धी भिन्न असतात. विभागांची गाठ अखिल भारतीय फेरीतच पडते. तेथेही केवळ विजेत्याकडे पाहणे पुरेसे नाही. एका विभागाचा एक संघ अजिंक्य ठरला व उरलेले तीन प्रारंभीच बाद झाले, तर दुसऱ्याचे चारही संघ पुढील फेरीत पोहोचले. अशा वेळी व्यापक बळ दुसऱ्या विभागाचे मानावे लागेल.

बेरजेची मर्यादा

सर्वसाधारण कामगिरीत अग्रेसर ठरणाऱ्या विद्यापीठास 1956-57 पासून मौलाना अबुल कलाम आझाद चषक दिला जातो. अमृतसरचे गुरुनानक देव विद्यापीठ आणि चंदीगडचे पंजाब विद्यापीठ यांनी तो अनेकदा जिंकला; 2024 चा चषक चंदीगड युनिव्हर्सिटी या खाजगी विद्यापीठास मिळाला. यावरून उत्तर विभाग बलवान, असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो चूक असेलच असे नाही. पण येथे तुलनेचे घटकच विषम आहेत. मुंबई विद्यापीठाचा संघ मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या शेकडो संलग्न महाविद्यालयांतून निवडला जातो, तर खाजगी विद्यापीठ आपले खेळाडू प्रवेशाच्या वेळीच निवडू शकते.

बेरजेचा दुसरा दोष काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका महाविद्यालयाने 20 खेळांत भाग घेऊन प्रत्येकी 1 गुण मिळविला. दुसऱ्याने 3 खेळांत प्रत्येकी 5 गुण मिळविले. तालिकेत 20 विरुद्ध 15 असे दिसते आणि पहिले श्रेष्ठ ठरते. वस्तुतः त्याने सिद्ध केली ती साधनांची विपुलता.

अमेरिकेतील अनुभव याच दिशेने बोलका आहे. तेथील सर्वसाधारण कामगिरीचा डायरेक्टर्स कप स्टॅनफर्ड विद्यापीठाने 1994-95 ते 2018-19 अशी सलग 25 वर्षे जिंकला. त्या काळात स्टॅनफर्ड ज्या पॅसिफिक किनाऱ्यावरील गटात होते, त्या गटाची प्रतिष्ठा त्यामुळे वाढली. 2024 मध्ये बारापैकी दहा विद्यापीठांनी तो गट सोडला. स्टॅनफर्डही अटलांटिक किनाऱ्याच्या गटात गेले. गटाचे म्हणून मानले गेलेले बळ मुळात सदस्य संस्थांचे होते, हे यातून दिसते.

तालिकेबाहेरचा खेळाडू

ठाकुरवाडीतील विद्यार्थ्याची स्पर्धा मैदानापूर्वीच सुरू होते. डोंगरउतारावरील वाडीतून रस्त्यापर्यंत पायी, तेथून मिळेल त्या वाहनाने कर्जत, आणि स्पर्धा मुंबईत असल्यास पुढे सुमारे 100 किलोमीटरचा लोकल प्रवास. सकाळच्या हजेरीस तो पोहोचला नाही, तर तालिकेत त्याच्या महाविद्यालयापुढे शून्य पडते. अनुपस्थिती आणि पराभव यांची नोंद एकच होते, हा या पद्धतीतील सर्वांत गंभीर दोष होय. आदिवासी पाड्यांत क्षमता नाही, असे म्हणता येणार नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले.

हा प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नाही. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी स्पर्धेतील यशाचे प्रमाणपत्र लागते. जो निवड चाचणीपर्यंत पोहोचत नाही, तो या संधीपासूनही दूर राहतो.

निष्कर्ष

निकाल हा निकालच असतो, त्यात दुरुस्त्या केल्यास व्यक्तिनिष्ठता येईल, असा आक्षेप घेता येईल. तो रास्त आहे; म्हणून येथे गुण बदलण्याची सूचना नाही. एकूण गुणांशेजारी खेळलेल्या खेळांची संख्या, प्रतिखेळ सरासरी, विद्यार्थिसंख्या आणि अनुपस्थितीची स्वतंत्र नोंद असे चार रकाने असावेत, एवढेच सुचवावेसे वाटते. ही माहिती प्रत्येक महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण विभागाकडे उपलब्ध असते. तिच्याशिवाय दुर्बल ठरविलेला विभाग खरोखर दुर्बल आहे की केवळ दूर आहे, हे सांगता येणार नाही.