लेखांकन सॉफ्टवेअरमधील दस्तऐवज-संकलनाचे पूर्वानुमान : एक चिकित्सा

प्रस्तावना

पेढीवर किर्द-खतावणी लिहिली जात असे तेव्हा कोणता कागद केव्हा येणार, हे मुनीमजींना सवयीने ठाऊक असे. विजेचे देयक, बँकेचा खातेउतारा, पुरवठादाराचे बीजक या प्रत्येकाची एक चाल असते. आज हे काम मोठ्या प्रमाणावर लेखांकन सॉफ्टवेअरकडे आले आहे. संबंधित संकेतस्थळावरून दस्तऐवज आपोआप उतरवून घेण्याची सोय अनेक प्रणालींत असते आणि त्यासाठी कोणत्या दिवशी जावे, याचे पूर्वानुमान मागील नोंदींवरून करता येते. या पूर्वानुमानामागील गृहीतके कितपत टिकतात, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वानुमानाची आवश्यकता व पद्धत

रोज सर्व ग्राहकांसाठी सर्व संकेतस्थळे धुंडाळणे व्यवहार्य नसते. वारंवार प्रवेश केल्यास खाते बंद होण्याचा संभव असतो आणि ओटीपीची मागणी झाल्यास ग्राहकास त्रास होतो. युरोपीय संघाच्या देयकसेवाविषयक नियमांनुसार, खातेदार स्वतः विनंती करीत नसताना त्याच्या खात्याची माहिती २४ तासांत ४ पेक्षा अधिक वेळा घेता येत नाही. खातेदाराच्या संमतीने बँकेशी वेगळे ठरले असल्यासच त्यास अपवाद होतो. म्हणून वेळेची निवड अपरिहार्य ठरते. मागील दस्तऐवजांमधील अंतर, महिन्यातील तारीख आणि सुट्ट्या यांवरून पुढील दिवस काढला जातो. या सोयीमुळे लहान कार्यालयांचे श्रम वाचतात, हे मान्य केले पाहिजे.

सरासरीची मर्यादा

एखादे देयक चार महिन्यांत अनुक्रमे ५, ६, ५ व ८ तारखेस आले, असे समजू. त्यांची सरासरी ६ येते. परंतु ६ तारखेस गेलेल्या प्रणालीस चौथे देयक मिळणार नाही. येथे लवकर जाण्याची व उशिरा जाण्याची किंमत सारखी नसते. लवकर गेल्यास एक फेरी रिकामी जाते. उशीर झाल्यास वैधानिक मुदत हुकू शकते. सरासरी काढताना हा भेद लक्षात घेतला जात नाही. यास्तव प्रश्न ‘दस्तऐवज केव्हा येईल’ असा न मांडता ‘कोणत्या चुकीचे मोल अधिक’ असा मांडावयास हवा.

वस्तू व सेवा कराचे उदाहरण

मासिक विवरण भरणाऱ्या पुरवठादारास जीएसटीआर-१ पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरावे लागते. १४ तारखेस जीएसटीआर-२बी तयार होते. खरेदीदाराचे मासिक जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत अपेक्षित असते. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने दाखविलेल्या बीजकांपुरतीच आदानकराची वजावट मिळते. अशा ठिकाणी पूर्वानुमानाची गरजच नाही. तारीख कायद्यानेच ठरविली आहे. जे पंचांगात लिहिलेले आहे, त्याचे भाकीत करण्यात अर्थ नसतो.

याउलट, ऑक्टोबर २०२४ मध्ये बीजक व्यवस्थापन प्रणाली सुरू झाल्यापासून खरेदीदाराने १४ तारखेनंतर एखादे बीजक स्वीकारले वा नाकारले, तर २बी पुन्हा गणावी लागते. म्हणजे १४ तारखेस उतरविलेला दस्तऐवज अंतिम असेलच असे नाही. ‘एकदा उतरविले की काम संपले’ हे गृहीतक येथे कोसळते आणि त्याचा भार व्यापाऱ्याच्या खिशावर पडतो.

स्वतःच्या सवयीतून शिकणे

अधिक मूलभूत दोष नोंदींच्या स्वरूपात आहे. दस्तऐवज प्रत्यक्षात केव्हा प्रसिद्ध झाला, हे प्रणालीस बहुधा कळत नाही; तो केव्हा सापडला, एवढेच कळते. प्रणाली दर महिन्याच्या १० तारखेसच जात असेल, तर ३ तारखेस आलेले देयकही १० तारखेचे म्हणून नोंदले जाईल आणि पुढील अनुमानही १० असेच निघेल. अशा रीतीने प्रणालीची सवय वस्तुस्थितीचे रूप घेते आणि अनुमान अचूक असल्याचा भास निर्माण होतो. यावर उपाय म्हणजे मागील रिकाम्या फेरीचा दिवस व सापडल्याचा दिवस या दोन्हींची नोंद ठेवणे आणि अधूनमधून ठरलेल्या वेळेपूर्वी जाऊन पाहणे.

संमतीचा प्रश्न

योग्य दिवस ओळखला तरी प्रवेशाचा अधिकार स्वतंत्र आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांवर आधारलेल्या अकाउंट अ‍ॅग्रिगेटर व्यवस्थेत खातेदाराच्या संमतीत हेतू, कालावधी व वारंवारता नमूद असते. वारंवारता संमतीने ठरत असेल, तर पूर्वानुमानाने ती ओलांडता कामा नये. ग्राहकाचा संकेतशब्द साठवून केलेल्या संकलनात मात्र ही मर्यादा दिसेनाशी होते.

निष्कर्ष

दस्तऐवजांचे तीन वर्ग करणे इष्ट ठरेल : कायद्याने तारीख ठरलेले, नियमित चाल असलेले आणि अनियमित. पूर्वानुमानाचे खरे क्षेत्र दुसऱ्या वर्गापुरतेच आहे. तसेच दस्तऐवज न येणे हीसुद्धा माहितीच होय. ‘या महिन्याचे बीजक का आले नाही?’ असे मुनीमजी विचारीत. प्रणाली मात्र पुढील दिवसाची वाट पाहत राहते. शेवटची तपासणी केव्हा झाली व काय सापडले नाही, हे वापरकर्त्यास दाखविणे म्हणूनच अनुमानाच्या अचूकतेइतके महत्त्वाचे आहे. वाणिज्याच्या अध्यापनात सॉफ्टवेअर चालविण्याबरोबर त्याच्या मौनाचा अर्थ लावण्यासही स्थान मिळणे अगत्याचे आहे. कारण विवरणपत्रावरील स्वाक्षरीची जबाबदारी अखेर माणसाचीच राहते.