दोरीवरची यरीहो

विनोदाला आयुष्य थोडे, असे म्हणतात. शोकांतिका पिढ्यान्‌पिढ्या रडवीत राहते. विनोद मात्र ज्या काळात जन्मला त्या काळाबरोबरच बहुधा शिळा होतो. ह्या नियमाला जे थोडे अपवाद आहेत, त्यांत फ्रँक काप्रा ह्यांच्या ‘इट हॅपन्ड वन नाईट’ ह्या १९३४ सालच्या अमेरिकन चित्रपटाची गणना करावी लागेल. त्याला ९० वर्षे उलटून गेली. त्याचे नावही ज्यांनी ऐकलेले नाही, अशा आपल्याकडील पुष्कळांनी त्याची कथा मात्र पाहिलेली आहे. राज कपूर आणि नर्गिस ह्यांचा १९५६ चा ‘चोरी चोरी’ आणि महेश भट ह्यांनी १९९१ मध्ये दिग्दर्शित केलेला ‘दिल है कि मानता नहीं’ ही दोन्ही त्याच कथेची हिंदी रूपे होत. बंगालीतही १९५९ साली ‘चाओया पाओया’ निघाला. खुद्द हॉलिवूडने ती कथा १९४५ आणि १९५६ मध्ये संगीतपटांच्या वेशात पुन्हा सांगून पाहिली.

ह्या दीर्घ प्रभावाचे कारण समीक्षक सहसा असे देतात: एकमेकांशी भांडत प्रेमात पडणारे श्रीमंत-गरीब जोडपे, लांबचा प्रवास, आणि लग्नाच्या मांडवातून पळणारी वधू, हे सारे साचे ह्या चित्रपटाने पक्के केले. ते खरे आहे. पण अपुरे आहे. आमच्या मते ह्या चित्रपटाचा प्राण एका दोरीवर टाकलेल्या साध्या ब्लँकेटमध्ये आहे. पुढच्या अनुकरणांनी साचे उचलले, ब्लँकेटचा अर्थ मात्र सर्वांनाच उचलता आला नाही. तो अर्थ आपल्या घरांतील आईवडिलांनी आणि लग्नाच्या वयाच्या मुलामुलींनी ध्यानी घ्यावा असा आहे, म्हणून हा प्रपंच.

कथा थोडक्यात अशी. एली अँड्रूज ही कोट्यधीशाची एकुलती एक लेक. किंग वेस्टली नावाच्या एका छानछोकी वैमानिकाशी तिने वडिलांना न जुमानता नोंदणी पद्धतीने लग्न उरकले आहे. दोघांचा संसार सुरू होण्याआधीच बाप तिला मायामीजवळ आपल्या नौकेवर अडकवून ठेवतो. ती समुद्रात उडी टाकून निसटते आणि न्यूयॉर्ककडे जाणारी रात्रीची बस धरते. बसमध्ये तिला नोकरी गमावलेला वार्ताहर पीटर वॉर्न भेटतो. ती कोण हे त्याला लवकरच कळते. तो तिला वेस्टलीकडे पोहोचवायचे कबूल करतो. मोबदल्यात तिच्या पलायनाची बातमी केवळ त्याची. म्हणजे नात्याचा आरंभ सरळ सरळ सौद्याने होतो.

पुढे पावसाने पूल वाहून जातो. वाटेवरच्या एका मुक्कामावर दोघांना एकाच खोलीत रात्र काढावी लागते, कारण दोन खोल्यांचे भाडे परवडणारे नाही. दोन खाटांच्या मधोमध पीटर एक दोरी बांधतो, तिच्यावर ब्लँकेट टाकतो आणि तिला ‘यरीहोची भिंत’ असे नाव देतो. आपल्याजवळ कर्णा नाही, तेव्हा तिने निर्धास्त असावे, असेही तो थट्टेने सांगतो.

ह्या दृश्याची तारीख महत्त्वाची आहे. हॉलिवूडची नीतिसंहिता १९३० साली येशूसंघीय धर्मगुरू डॅनिएल लॉर्ड आणि कॅथलिक प्रकाशक मार्टिन क्विग्ली ह्यांनी सिद्ध केली होती. पण तिचा अंमल ढिला होता. कॅथलिकांच्या ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ ह्या चळवळीचा रेटा वाढल्यावर, जुलै १९३४ पासून, जोसेफ ब्रीन ह्यांच्या देखरेखीखाली ती कडकपणे लागू झाली. अकरावे पायस ह्यांचे चित्रपटांविषयीचे ‘विजिलान्ति कूरा’ हे विश्वपत्र त्यानंतरचे, १९३६ चे. काप्रांचा चित्रपट मात्र फेब्रुवारी १९३४ मध्येच पडद्यावर आला होता. म्हणजे ते ब्लँकेट टांगायला नव्या संहितेच्या कात्रीने त्यांना भाग पाडले नव्हते. सिसिलीत जन्मलेल्या आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेल्या ह्या कॅथलिक दिग्दर्शकाने ते कलेची गरज म्हणून टांगले. पुढे संहितेच्या काळात शेकडो पटकथाकारांना प्रेम न दाखवता प्रेम सांगायचे होते, तेव्हा वाट कशी काढावी हे ह्या दृश्याने त्यांना आधीच दाखवून ठेवले होते. बाहेरून लादलेले बंधन आणि आतून स्वीकारलेली मर्यादा ह्यांतला फरक कळायला ह्याहून सोपे उदाहरण नाही.

यरीहोचा उल्लेख काहींना पवित्र शास्त्राची थट्टा वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. यहोशवाच्या पुस्तकातील सहावा अध्याय आठवावा. सहा दिवस इस्राएल लोक दररोज एकदा त्या नगराला फेरी घालतात. सातव्या दिवशी सात वेळा. तोवर कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी आज्ञा असते. मग याजक कर्णे वाजवतात, लोक जयघोष करतात आणि तट कोसळतो. तो कुणी ढकलून पाडलेला नाही, कुणी चढून ओलांडलेलाही नाही. वाट पाहणाऱ्यांपुढे तो नेमक्या वेळी आपोआप पडला. काप्रा आणि त्यांचे पटकथाकार रॉबर्ट रिस्किन ह्यांनी हा तपशील केवळ विनोदासाठी घेतला असेल; पण चित्रपटाची सारी रचना त्याच्याशी इमान राखून आहे.

ह्याची कसोटी शेवटच्या मुक्कामावर लागते. मधल्या काळात दोघांनी गवताच्या गंजीवर रात्र काढली आहे, कच्ची गाजरे खाल्ली आहेत. बसमध्ये भुकेने मूर्च्छित पडलेल्या एका आईच्या मुलाच्या हाती उरलेले पैसेही गेले आहेत. १९३३ साली अमेरिकेतील सुमारे चौथा हिस्सा कामगार बेकार होते. कोट्यधीशाच्या लेकीला भुकेचा अर्थ ह्या बसनेच शिकवला. आता पुन्हा तीच दोरी आणि तेच ब्लँकेट. पीटर अंधारात आपले स्वप्न बोलून दाखवतो आणि एली भिंतीला वळसा घालून त्याच्यापुढे येते. आपल्याला बरोबर ने, असे रडत सांगते. पीटर तिला परत जायला सांगतो. त्याचे मन कोरडे आहे असे नव्हे. ती झोपल्यावर तो रातोरात न्यूयॉर्क गाठतो, आपल्या संपादकाला कहाणी विकून १,००० डॉलर मिळवतो, कारण रिकाम्या खिशाने लग्नाची मागणी घालणे त्याला पटत नाही. इतक्यात पहाटे मालक एलीला खोलीबाहेर काढतात. पीटर आपल्याला टाकून गेला असे समजून ती बापाला बोलावते. विनोदी चित्रपटातला हा क्षण शोकांतिकेच्या जवळ जातो, आणि पुढच्या हास्याला वजन येते ते ह्यामुळेच.

त्यानंतर पीटर एलीच्या वडिलांकडे जातो. मुलीचा पत्ता देणाऱ्याला १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर झालेले असते. पीटर ते मागत नाही. तो प्रवासखर्चाचे ३९ डॉलर ६० सेंट मागतो, तेही हिशेबासह. आमच्या दृष्टीने चित्रपटातील सर्वांत सुंदर प्रेमपत्र हेच. सौद्याने सुरू झालेले नाते सौद्यातून बाहेर पडल्याची ती पावती आहे. म्हाताऱ्या अँड्रूजला ते उमगते.

आणि मग येते ते दृश्य, ज्याच्या नकला सर्वाधिक झाल्या. वेस्टलीबरोबर आता थाटाने लग्न होणार आहे. वडिलांचा हात धरून एली वेदीकडे चालू लागते. चालता चालता बाप तिच्या कानात सांगतो की, त्या वार्ताहराला फक्त ३९ डॉलर ६० सेंटच हवे होते, त्याचे तुझ्यावर प्रेम आहे, आणि मन बदलले तर मागच्या फाटकाशी मोटार उभी आहे. वधूवेशातली एली पळते. पाहुणे अवाक होतात, बाप मात्र समाधानाने हसतो.

प्रेक्षकांना ही बंडखोरी वाटते. पवित्र सभेच्या शिकवणीच्या उजेडात पाहिले, तर बापाचे हे वागणे मुळीच स्वैर नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचा १०५७ वा नियम सांगतो की, विवाह सिद्ध होतो तो वधूवरांच्या संमतीने, आणि ती संमती दुसरी कोणतीही मानवी सत्ता त्यांच्या वतीने देऊ शकत नाही. १,१०३ वा नियम बळजबरीने वा गंभीर भीतीपोटी झालेला विवाह अवैध ठरवतो. लग्नाआधी धर्मगुरू मुलामुलीला जे प्रश्न विचारतात, ते काही कागद भरण्याचा उपचार म्हणून नव्हेत. आपल्या समाजात हॉल ठरलेला असतो, पत्रिका वाटलेल्या असतात, परदेशातले नातेवाईक येऊन पोहोचलेले असतात. अशा वेळी मुलीच्या मनात शंका असली, तरी ती बोलणार कुणापाशी? ‘आता लोक काय म्हणतील?’ ह्या एका वाक्याने किती ‘होय’ वदवून घेतले असतील, ह्याचा हिशेब कुठल्याच नोंदवहीत सापडणार नाही. अँड्रूजने लोकांची पर्वा केली नाही. त्याने मुलीवर आपली निवडही लादली नाही. दार उघडे असल्याचे फक्त सांगितले. सुरुवातीला तिला नौकेत कोंडणारा बाप शेवटी तिला मोकळी करतो. खरा बदल ह्या चित्रपटात कुणात झाला असेल, तर तो ह्या बापात.

हिंदी रूपांनी हा बाप जपला, हे त्यांचे श्रेय. ‘दिल है कि मानता नहीं’मधील अनुपम खेर ह्यांचा बाप भर लग्नात मुलीला पळून जायला सांगतो, आणि प्रेक्षागृह त्याच्या बाजूचे होते. मात्र दोन्ही हिंदी रूपांनी नायिकेचे आधीचे लग्न गाळून केवळ ठरवलेले प्रेम ठेवले. त्यामुळे कथा सोपी झाली. पण मुळातील एक गंभीर धागा सुटला. मूळ चित्रपटात एली पळाल्यावरही कर्णा लगेच वाजत नाही. वेस्टलीशी झालेले लग्न रद्द ठरेपर्यंत दोघे थांबतात. ते काम दिवाणी कायद्याचे आहे आणि बापाच्या पैशाने सोपे झाले आहे, हे खरे. तरीही थांबणे हे थांबणेच. शेवटच्या दृश्यात दोघे पडद्यावर दिसतही नाहीत. मुक्कामाचा मालक बायकोशी कुजबुजतो की, ह्या जोडप्याने दोरी, ब्लँकेट आणि खेळण्यातला कर्णा कशाला मागितला असेल? त्यांचे लग्न झाल्याचा कागद त्याने स्वतः पाहिलेला असतो. कर्णा वाजतो, ब्लँकेट खाली पडते, दिवा मालवतो.

ह्या ब्लँकेटचे खरे वारस शोधायचे, तर नावाने नक्कल नसलेले चित्रपट पाहावेत. विल्यम वायलर ह्यांच्या १९५३ च्या ‘रोमन हॉलिडे’त पळालेली राजकन्या आणि बातमीच्या मागावरचा वार्ताहर आहे, ती कथा आधी काप्राच करणार होते. तिथला वार्ताहरही अखेर बातमी विकत नाही. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’चा नायक परक्या देशातील रात्रीनंतर मुलीला धीर देतो की, अनुचित काहीच घडलेले नाही, आणि तिला पळवून नेण्याऐवजी बापाच्या हातून ती मिळावी म्हणून थांबतो. ही थेट उसनवारी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण घराणे एकच आहे. उलट, १९८९ च्या ‘व्हेन हॅरी मेट सॅली’मध्ये मित्र-मैत्रिणीमधील पडदा एका रात्री घाईने दूर होतो, आणि सकाळी दोघांना एकमेकांशी बोलायला शब्द उरत नाहीत. तो चित्रपटही, विरुद्ध बाजूने, तेच सांगून जातो.

ह्याचा अर्थ काप्रांची कृती निर्दोष आहे असा नव्हे. मोटार थांबवण्यासाठी एली आपला पाय दाखवते, ते दृश्य फार गाजले; स्त्रीच्या देहाकडे पाहण्याची पुढच्या विनोदी चित्रपटांची सवय त्यानेही जोपासली. ह्या मुलीला रोज एक ठोसा देणारा नवरा हवा, अशा अर्थाचे पीटरचे बापासमोरचे बोलणे तर आज ऐकवत नाही, आणि ऐकवू नये. ज्या पुरुषाने दोरीवर ब्लँकेट टाकून स्त्रीचा मान राखला, त्याच्याच तोंडी हे वाक्य आहे, ह्याची खंत वाटते. मुलांबरोबर चित्रपट पाहताना पालकांनी इथे गप्प बसू नये.

कोलंबिया ह्या तेव्हाच्या लहानशा कंपनीने सुमारे चार आठवड्यांत चित्रित केलेल्या ह्या चित्रपटाला फेब्रुवारी १९३५ मध्ये पाचही प्रमुख ऑस्कर पुरस्कार मिळाले: चित्रपट, दिग्दर्शक, पटकथा, नायक क्लार्क गेबल आणि नायिका क्लॉडेट कोलबेर. असे यश पुन्हा एखाद्या चित्रपटाला मिळायला ४० हून अधिक वर्षे जावी लागली. पुरस्कारांनी कीर्ती मिळते, आयुष्य मिळत नाही. ह्या चित्रपटाला आयुष्य दिले ते एका जाणिवेने: दोन माणसांमधील पातळ पडदा कुणीही कधीही ओढून काढू शकतो, आणि म्हणूनच तो न ओढण्याला मोल असते. विवाहपूर्व शिबिरांत आपल्या तरुण मुलामुलींना मर्यादेविषयी पुष्कळ सांगितले जाते. बहुतेक वेळा ती मर्यादा दगडी तटासारखी भासते, आणि तट दिसला की तरुणांना तो ओलांडावासा वाटतो. मर्यादा ही दोघांनी मिळून, हसत, एका दोरीवरही टांगता येते, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे. आणि वेदीकडे मुलीचा हात धरून निघण्यापूर्वी, घरातच, पुरेसा वेळ हाती असताना, तिच्या मनातले एकदा विचारून घ्यावे, हे त्यांच्या वडिलांना.