मोटारीचा कार्बन-हिशेब आणि पुरवठादाराची माहिती : एक चिकित्सा

प्रस्तावना

'मोटार कंपनी' असे आपण ज्या कारखान्यास म्हणतो तेथे मुख्यतः मोटारीची जुळणी होते. चाकण वा पिंपरी येथून बाहेर पडणाऱ्या एका मोटारीत हजारो सुटे भाग असतात आणि ते भोसरीपासून परदेशापर्यंत पसरलेल्या पुरवठादारांकडून आलेले असतात. त्यामुळे ही मोटार घडताना किती कार्बन डायऑक्साइड वातावरणात गेला, या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या आवारात सापडणे शक्य नसते. हरितगृह वायू प्रोटोकॉलने २००१ साली उत्सर्जनाच्या तीन कक्षा ठरविल्या. कारखान्यात जळणारे इंधन पहिल्या कक्षेत, विकत घेतलेली वीज दुसऱ्या कक्षेत आणि पुरवठा व वापराच्या साखळीत घडणारे इतर सर्व काही तिसऱ्या कक्षेत येते. या तिसऱ्या कक्षेसाठी स्वतंत्र मानक २०११ साली प्रसिद्ध झाले. मोटारउद्योगाचे बहुतांश उत्सर्जन याच कक्षेत आहे. पेट्रोल-डिझेलच्या मोटारीत त्याचा मोठा भाग रस्त्यावर जळणाऱ्या इंधनाचा असतो. मोटार विजेवर चालू लागली की पोलाद, ॲल्युमिनियम आणि बॅटरी यांचा वाटा ठळक होतो.

पुरवठादारांकडील उत्सर्जन मोजण्याचे दोन मार्ग आहेत. खरेदीच्या वजनास किंवा किमतीस एखाद्या सरासरी आकड्याने गुणणे हा पहिला. तो सोपा आहे, परंतु त्यात भट्टी सुधारणारा पुरवठादार आणि न सुधारणारा पुरवठादार एकाच मापाने मोजले जातात, म्हणून सुधारणेच्या दृष्टीने तो जवळजवळ निरुपयोगी आहे. पुरवठादाराकडून प्रत्यक्ष मोजलेला आकडा मिळविणे हा दुसरा मार्ग होय. गेल्या काही वर्षांतील सर्व योजना या दुसऱ्या मार्गाच्या आहेत. त्यांचा हेतू रास्तच आहे. तथापि या योजनांत माहिती लहानाकडून मोठ्याकडेच जाते, मोठ्याकडून लहानाकडे काहीच येत नाही, आणि त्यामुळे खुद्द आकडाच कच्चा राहतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

जर्मन योजनेची रचना

या क्षेत्रातील सर्वांत विचारपूर्वक केलेली रचना कॅटेना-एक्स ही होय. २०२१ साली जर्मनीत स्थापन झालेल्या या संघटनेत बीएमडब्ल्यू, मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन, बॉश, सीमेन्स, एसएपी अशा कंपन्या आहेत. सर्वांची माहिती एका मध्यवर्ती भांडारात गोळा न करता ती ज्याची त्याच्याकडेच ठेवावी, मागणी आल्यावर वापराच्या अटी मान्य करून घेऊन मगच द्यावी, असे तिचे सूत्र आहे. कार्बनचा आकडा कसा काढावा याची समान नियमावलीही तिने केली आहे. माहितीवरील मालकी प्रथम मान्य करणारी ही भूमिका निश्चितच स्वागतार्ह आहे.

अडचण मात्र पुढेच आहे. पुरवठादार प्रत्येक भागामागे एक आकडा देतो आणि त्यामागील हिशेब स्वतःजवळ ठेवतो. हिशेब झाकलेला असेल तर आकड्याची खातरजमा ग्राहकास करता येत नाही. हिशेब उघडला तर एका भागास किती वीज लागली, यंत्र किती वेळ चालले, माल किती वाया गेला हे ग्राहकास कळते. आपल्याकडील व्हेंडरला यातील धोका समजावून सांगावा लागत नाही. मशीन अवर रेट आणि मालाची फोड यांवर दर ठरविण्याची आणि दरवर्षी काही टक्के दर उतरविण्याची बोलणी ज्याने केली आहेत, त्याला भागागणिक विजेचा आकडा म्हणजे आपल्या नफ्याचा आकडा हे पक्के ठाऊक असते. वापराच्या अटी कागदावर कितीही कडक असोत, ज्या ग्राहकावर आपली निम्मी-अधिक विक्री अवलंबून आहे त्याने अट मोडली म्हणून त्याच्याविरुद्ध कोण उभा राहणार? ज्याला नकार देणे परवडत नाही त्याची संमती ही संमती कितपत मानावी, या प्रश्नास नियमावलीकडे उत्तर नाही.

आकडा कोठे घडतो

भोसरीतील एखाद्या जॉबवर्क करणाऱ्या कारखान्याचे उदाहरण कल्पून पाहू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार देशातील ग्रिडच्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. पोलाद मंत्रालयाने २०२४ साली दिलेल्या माहितीनुसार भारतात एक टन कच्चे पोलाद बनविताना सरासरी सुमारे २.५ टन उत्सर्जन होते. म्हणजे एक किलोचा बार लेथवर चढतो तेव्हाच तो आपल्याबरोबर अडीच किलोच्या आसपास ओझे घेऊन आलेला असतो. कारखानदाराने मोटर बदलून, कॉम्प्रेसरची गळती थांबवून भागामागे अर्धे युनिट वाचविले, तर ०.३५ किलो कमी होईल. याच मंत्रालयाच्या डिसेंबर २०२४ च्या हरित पोलाद वर्गीकरणात पंचतारांकित ठरण्यासाठी टनामागे १.६ टनांहून कमी उत्सर्जनाची अट आहे. कच्चे पोलाद आणि तयार पोलाद ही दोन मापे तंतोतंत एक नव्हेत; तरीही पोलादाची गिरणी बदलल्याने होणारा फरक कारखानदाराच्या साऱ्या काटकसरीच्या दुपटीहून अधिक आहे, एवढे यातून उघड होते.

परंतु गिरणी निवडण्याचा अधिकार त्याचा नसतो. मोटार कंपनी मान्य पुरवठ्याची यादी देते, आणि जॉबवर्कमध्ये तर मालही ग्राहकाचाच असतो. सारांश, ज्या निर्णयामुळे आकडा मुख्यतः ठरतो तो निर्णय ग्राहकाचा, आणि आकड्याचा जाब मात्र कारखानदारास! गिरणीचा प्रत्यक्ष आकडा त्याला कोणी देत नाही. मग तो कोठल्यातरी कोष्टकातील सरासरी उचलतो, आणि जी सरासरी टाळण्यासाठी हा सारा खटाटोप सुरू झाला तीच आता 'प्रत्यक्ष मोजमाप' या नावाने परत येते.

यावरील उपाय उद्योगाच्या हाताशीच आहे आणि त्याकडे झालेले दुर्लक्ष आश्चर्यकारक वाटते. प्रत्येक चांगल्या पोलादाबरोबर गिरणीचे चाचणी प्रमाणपत्र येते, त्यावर हीट नंबर असतो. एखादा ॲक्सल तुटला तर त्या क्रमांकावरून तो कोणत्या वितळणीतला, त्यात कार्बन व मँगेनीज किती, हे मागे जाऊन शोधता येते. माल गिरणीकडून कारखान्याकडे येताना त्याबरोबर माहितीही येते. ही पद्धत रुळलेली आहे. त्याच प्रमाणपत्रावर टनामागील उत्सर्जनाचा एक आकडा गिरणीने छापला, तर कारखानदारास केवळ स्वतःची वीज मिळवावी लागेल. यासाठी नव्या संगणकप्रणालीपेक्षा मोठ्या खरेदीदाराने गिरणीस घातलेली एक अट अधिक उपयोगी पडेल.

नियमांतून सुटलेले

आपल्याकडे सेबीने २०२१ साली व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल आणला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांस तो बंधनकारक केला. जुलै २०२३ मध्ये पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या मूल्यसाखळीचीही माहिती द्यावी असे ठरले. मार्च २०२५ मध्ये हे प्रकटन ऐच्छिक करून एक वर्ष पुढे ढकलण्यात आले, आणि खरेदी वा विक्रीत ज्यांचा वाटा प्रत्येकी २ टक्के किंवा अधिक आहे अशाच भागीदारांपुरते ते मर्यादित झाले. लहान उद्योगांवरील भार कमी व्हावा हा यामागील युक्तिवाद वरवर पटतो. पण शेकडो पुरवठादार असलेल्या मोटार कंपनीच्या खरेदीत भोसरीचा लेथवाला २ टक्क्यांपर्यंत कधीच पोहोचत नाही. तो नियमातून सुटला, मागणीतून नव्हे. युरोपीय ग्राहकाचा तक्ता त्याच्याकडे येतोच. फरक इतकाच की आता त्या मागणीवर कोणत्याही सार्वजनिक नियमाचा अंकुश नाही.

युरोपीय संघाच्या कार्बन सीमा समायोजन यंत्रणेतही असाच विसंवाद दिसतो. १ जानेवारी २०२६ पासून तिचा पक्का टप्पा सुरू झाला. तिच्या सध्याच्या यादीत पोलादी बोल्ट आणि नट आहेत, मोटार नाही. सुटा बोल्ट युरोपात गेला तर त्याचे उत्सर्जन मागितले जाते, आणि प्रत्यक्ष आकडा नसल्यास अधिभार चढविलेले ठोकळ मूल्य लावले जाते. तोच बोल्ट मोटारीत बसून गेला तर कोणी विचारीत नाही. ऑक्टोबर २०२५ मधील दुरुस्तीने वर्षाला ५० टनांपर्यंत असा माल आणणाऱ्या आयातदारास सूट मिळाली. ही सूट आयातदाराच्या आकारावर आहे. निर्यातदार कितीही लहान असला आणि त्याचा ग्राहक मोठा असला, तर त्याला तिचा उपयोग नाही.

साखळीचे दुसरे टोक

पारशिवनी तालुक्यातून या विषयाकडे पाहताना आणखी एक उणीव जाणवते. गोंडेगाव, इंदर आणि कामठी या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी याच परिसरात आहेत. आपल्या राज्यातील विजेचा मोठा भाग अजूनही कोळशावर आहे, म्हणजे भोसरीच्या लेथची साखळी अशाच खाणींशी येऊन संपते. परंतु वर वापरलेला ०.७ चा आकडा विद्युत केंद्रात इंधन जळताना होणाऱ्या उत्सर्जनाचा आहे. खाणीतील डंपरांचे डिझेल, कोळशाच्या थरातून सुटणारा मिथेन आणि रेल्वेची वाहतूक त्यात धरलेली नाही. नियमाप्रमाणे ते कारखान्याच्या तिसऱ्या कक्षेत येते, आणि सेबीच्या नमुन्यात तिसरी कक्षा ऐच्छिक आहे. कोल इंडियाच्या अहवालात हे डिझेल पहिल्या कक्षेत मांडले जाते आणि तेथेच थांबते; मोटारीच्या हिशेबात आले तर ते परक्या कोष्टकातील सरासरीच्या रूपानेच येते.

वस्तुतः येथेही माल माहितीसह जातो. कोळशाची प्रत जी-१ ते जी-१७ अशा श्रेणींत जाहीर केली जाते आणि वीज केंद्रांना जाणाऱ्या कोळशाचे नमुने तिऱ्हाईत संस्था तपासते, कारण त्यावर दर ठरतो. राखेची आणि उष्मांकाची नोंद ज्या कागदावर होते, त्याच कागदावर त्या खाणीच्या टनामागील उत्सर्जनाचा रकाना वाढविणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. तो वाढविण्याची मागणी आजवर ना मोटार कंपन्यांनी नेटाने लावून धरली, ना वीज कंपन्यांनी.