बाण सोडायचा असतो

हिंगोलीच्या दसऱ्यात रामलीला मैदानावर रावण पेटतो, तेव्हा मला दर वेळी एका शब्दाची गंमत वाटते. रामाच्या हातातला बाण आणि पाठोपाठ आभाळात सुटणारा दारूचा बाण, दोघांना मराठीत नाव एकच. (आपला दसरा म्हैसूरच्या खालोखाल, असं हिंगोलीकर अभिमानानं सांगतात. बाणांतही म्हैसूरचाच नंबर पहिला. पण ते पुढे.)

तोफ तुर्की नाव घेऊन आली, बंदूक अरबी. शोरा, गंधक, कोळसा कुटून केलेल्या दारूचं नावही फारसी. एवढ्या परक्या गोतावळ्यात बाण तेवढा घरचा. असं का, हे त्याच्या घडणीत दिसतं. ठासून दारू भरलेली नळी आणि तिला चामड्याच्या वादीनं आवळलेली बांबूची लांब काठी. काठी काढा, नळी वाटेल तिकडे गरगरत सुटेल. तीराला पिसं, तशी याला काठी. ज्यानं याला पहिल्यांदा बाण म्हटलं, त्यानं धुरातूनही ती काठी बरोबर हेरली.

क्रियापदही पाहा. तोफ डागायची, बंदूक झाडायची, बाण मात्र सोडायचा. एकदा सुटला की त्याची मर्जी, वाऱ्याची मर्जी. नेमाचा भरवसा नाही, म्हणून थव्यानं सोडायचे. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर नजीबखानाचे रोहिले एका वेळी दोन दोन हजार बाण सोडत होते, असं त्या लढाईचा वृत्तांत लिहिणारा काशीराज सांगतो. त्याच्या सांगण्यात आवाजानं बिथरलेले घोडे आधी येतात, माणसांची हानी मागून. लिहिणारा त्या गदारोळात होता, हे मला त्या क्रमावरूनच पटतं.

लोखंडी नळीचं खरं चीज हैदर-टिपूंच्या म्हैसुरात झालं. कागदी नळी फुटेल एवढा दाब लोखंड सोसतं, म्हणून बाण लांब जातो. 1799 ला श्रीरंगपट्टण पडल्यावर हे बाण विलायतेला गेले, त्यांवरून विल्यम काँग्रीव्हनं आपले घडवले आणि 1807 ला त्यांनी कोपनहेगन पेटवलं. नाव झालं काँग्रीव्हचं. 2018 मध्ये शिमोगा जिल्ह्यात एका विहिरीच्या गाळात टिपूच्या काळातले हजारावर बाण सापडले.

बाजारात पोरं आता रॉकेटच मागतात. बाटलीत उभं करण्याआधी काठी वाकडी नाही ना, हे मात्र एक डोळा मिटून बघतात.