जबलपूरच्या मराठीतील इंग्रजी वाक्य : दोन वाटा

मराठीवरील इंग्रजीच्या प्रभावाची चर्चा बव्हंशी शब्दांपाशी थांबते. परका शब्द उठून दिसतो, म्हणून त्यावर आक्षेप घेता येतो. वाक्याचा परका सांगाडा मात्र देशी शब्दांच्या आड सहज लपतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण तेथे मराठी आणि इंग्रजी यांच्यामध्ये तिसरी भाषा उभी असते. जबलपूर हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

1781 पासून मराठ्यांच्या सत्तेखाली असलेले हे शहर 1817 मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. पुढे नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांतात ते दीर्घकाळ राहिले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले. जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ तेथे आले. कारभाराची भाषा हिंदी, वरिष्ठ न्यायालयाची इंग्रजी आणि घरची मराठी, अशी येथील मराठी कुटुंबांची स्थिती झाली. त्यांच्या मराठीत जे जे वेगळे वाटते ते हिंदीच्या खाती टाकण्याची प्रथा आहे. ती तपासून पाहणे आवश्यक आहे.

‘तो काय करून राहिला आहे?’ ही रचना हिंदीच्या सहवासातून आली, याबद्दल वाद नाही. विदर्भातही ती सर्रास ऐकू येते. ‘समितीद्वारा कार्यक्रमाचे आयोजन केले गेले’ या वाक्याचे मात्र तसे नाही. ते हिंदीतून आले हे खरे, पण कारभारी हिंदीतील ‘द्वारा’ची ही रचना स्वतःच इंग्रजी कर्मणी वाक्याच्या साच्यावर रुळलेली आहे. पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांत हाच साचा ‘समितीकडून आयोजन करण्यात आले’ असा दिसतो. मराठी व्याकरणाने त्याला ‘नवीन कर्मणी’ असे नाव देऊन त्याचे इंग्रजी मूळ केव्हाच मान्य केले आहे. ‘समितीने कार्यक्रम आयोजित केला’ हे सरळ वाक्य दोन्ही ठिकाणी मागे पडले. मूळ एकच असले, तरी पुण्याला ते इंग्रजीतून थेट पोहोचले, जबलपूरला हिंदीच्या मार्गाने.

या मार्गावरची वाहतूक एकतर्फी नव्हती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 मध्ये प्रसिद्ध झाले. जबलपूरला वास्तव्य केलेले कामताप्रसाद गुरू यांनी आपल्या ‘हिंदी व्याकरणा’त दामले यांच्या ग्रंथाचा आधार घेतला, आणि आपली मांडणी बव्हंशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर असल्याचेही प्रस्तावनेत नमूद केले. म्हणजे हिंदी वाक्याचे शास्त्र ज्या चौकटीत बसवले गेले, तिच्या घडणीत इंग्रजी व मराठी या दोहोंचा वाटा होता. अशा स्थितीत ‘हिंदीचा प्रभाव’ हे एकच नाव अपुरे पडते.

इंग्रजीची थेट वाट ओळखण्यासाठी एक कसोटी उपयोगी पडते : जी रचना मराठीच्या आणि हिंदीच्याही मूळ वळणाला सोडून आहे, ती हिंदीतून आलेली असणे संभवत नाही. ‘मी उद्या येतो, असे तो म्हणाला’ ही मराठीची रीत आहे. बोलणाऱ्याचे शब्द तिच्यात जसेच्या तसे राहतात. हिंदीही ‘उसने कहा कि मैं कल आऊँगा’ असेच म्हणते. नव्या पिढीच्या तोंडी आणि लेखणीत येणारे ‘तो म्हणाला की तो उद्या येईल’ हे वाक्य दोन्ही भाषांना परके आहे. त्यातील ‘की’ला दोष देण्याचे कारण नाही, फारसीतून आलेला हा शब्द बखरींच्या गद्यात केव्हाच रुळला होता. परकेपणा आहे तो सर्वनामाच्या बदलात. पहिल्या वाक्यात दुसऱ्याचा आवाज शाबूत राहतो. दुसऱ्यात निवेदक तो आपल्या ताब्यात घेतो, आणि ‘तो’ म्हणजे नेमका कोण हा संदेहही निर्माण होतो.

‘मी तुला मिस करते’ या वाक्याचीही तीच कथा आहे. ‘मला तुझी आठवण येते’ आणि ‘मुझे तुम्हारी याद आती है’ या दोन्ही वाक्यांत आठवण स्वतः येते. माणूस तिचा अनुभव घेतो. इंग्रजी साच्यात तो कर्ता बनतो. ‘मला मजा आली’च्या जागी येणारे ‘मी एन्जॉय केले’ हेही त्याच जातीचे. येथे ‘मिस’ आणि ‘एन्जॉय’ हे शब्द उद्या गळून पडतील, पण चतुर्थीतील अनुभवकर्त्याची जागा गेली तर ती परत मिळणे कठीण आहे.

प्रत्येक उसनी रचना हानिकारक ठरत नाही. ‘भाग घेणे’ हा प्रयोग इंग्रजीच्या नमुन्यावरचा असूनही आज कोणाला खटकत नाही, कारण त्याने मराठीतील कोणतेही वळण मोडले नाही. म्हणून उगमापेक्षा परिणाम पाहणे अधिक युक्त ठरते : नवी रचना जुनीच्या शेजारी येऊन बसते की तिला उठवून लावते? ‘द्वारा’मुळे वाक्य जड होते, एवढेच. सर्वनामाच्या बदलाने आणि अनुभवकर्त्याच्या लोपाने मात्र माणूस व त्याचे बोलणे, माणूस व त्याची भावना यांचे नातेच बदलते. जबलपूरच्या मराठीचा हिशेब मांडताना हिंदीकडे बोट दाखवण्याच्या सवयीमुळे नेमके हेच बदल नजरेआड राहिले. हिंदी आणि मराठी या बाबतीत प्रतिस्पर्धी नाहीत. एकाच बदलाला सामोऱ्या जाणाऱ्या त्या दोन शेजारणी आहेत, आणि त्यांचा अभ्यासही एकत्रच व्हावयास हवा.